वस्तुतत्त्व आणि दृश्य : ‘गीतारहस्य’, जर्मन चिद्वाद व कोल्हापूरचा वेदोक्त वाद

प्रस्तावना

‘वस्तू मुळात जशी आहे तशी’ आणि ‘वस्तू आपणांस जशी दिसते तशी’ हा भेद जर्मन चिद्वादाच्या केंद्रस्थानी आहे. इमॅन्युएल कान्टने १७८१ मध्ये तो काटेकोरपणे मांडला आणि हेगेलने १८१३ मध्ये त्याची पुनर्मांडणी केली. मराठीत हा भेद प्रथम विस्ताराने व तोलामोलाने मांडला गेला तो लोकमान्य टिळकांच्या ‘श्रीमद्भगवद्गीतारहस्य अथवा कर्मयोगशास्त्र’ या ग्रंथात. त्यामुळे मराठी वाचकाचा कान्टशी परिचय झाला तो वेदान्ताच्या परिभाषेतून. त्या परिभाषेने कान्ट मराठीत आपलासा केला. परंतु त्याच्या भेदाचा अर्थही काही अंशी बदलला. आजही महाविद्यालयीन अध्यापनात ‘कान्टच्या मते दृश्य जग हा आभास आहे’ असे विधान सहजपणे केले जाते. कान्टने स्वतः नाकारलेले हे मत त्याच्या नावावर कसे जमा होते, याचे उत्तर या परिभाषेच्या इतिहासात शोधावे लागते.

प्रस्तुत लेखात तीन गोष्टींचा विचार केला आहे. टिळकांनी कान्टचा भेद कोणत्या अर्थाने स्वीकारला, ही पहिली. हेगेलने त्या भेदावर, तसेच गीतेवर, घेतलेल्या आक्षेपांपुढे टिळकांचा कर्मयोग कोठे उभा राहतो, ही दुसरी. तत्त्व आणि दृश्य यांच्या संबंधाचा हा प्रश्न कोल्हापूरच्या वेदोक्त वादात सामाजिक कसोटीला कसा लागला, ही तिसरी.

मिल-स्पेन्सर ते डॉयसन

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शिकलेल्या पिढीवर जर्मन तत्त्वज्ञांपेक्षा जॉन स्टुअर्ट मिल व हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज विचारवंतांचा प्रभाव अधिक होता. गोपाळ गणेश आगरकर हे या प्रभावाचे ठळक उदाहरण होय. १८८२ मध्ये कोल्हापूर संस्थानचे कारभारी बर्वे यांच्यासंबंधीच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक व आगरकर यांना शिक्षा झाली आणि दोघांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात एकशे एक दिवस एकत्र काढले. पुढे या दोन मित्रांच्या वाटा वेगळ्या झाल्या. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर त्यांच्यात पडलेले अंतर सर्वपरिचित आहे. त्याखाली असलेले तात्त्विक अंतर मात्र तितकेसे लक्षात घेतले जात नाही. अनुभवाला येणाऱ्या जगापलीकडे काही असल्यास ते अज्ञेय आहे, म्हणून विचार व नीती यांची उभारणी अनुभवाच्या क्षेत्रातच करावी, ही आगरकरांची भूमिका होती. टिळकांना ती अपुरी वाटली. दृश्याला आधार देणाऱ्या तत्त्वाचा निर्णय झाल्यावाचून कर्तव्य-अकर्तव्याचा निर्णय होत नाही, हे ‘गीतारहस्या’चे मूलभूत गृहीत आहे.

या शोधात जर्मन तत्त्वज्ञानाची साक्ष उपयोगी पडेल, अशी वाट आर्थर शोपेनहौएर याने आधीच तयार करून ठेवली होती. कान्टच्या दृश्याला त्याने वेदान्तातील मायेच्या जोडीला बसविले आणि दृश्यामागील तत्त्व म्हणजे इच्छाशक्ती असे प्रतिपादन केले. त्याचा अनुयायी आणि उपनिषदांचा अभ्यासक पाउल डॉयसन याने २५ फेब्रुवारी १८९३ रोजी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे वेदान्त व पाश्चात्त्य तत्त्वमीमांसा यांच्या संबंधावर व्याख्यान दिले. वेदान्त्यांना अंतःस्फूर्तीने जे उमगले तेच कान्टने शास्त्रीय रीतीने सिद्ध केले, हा त्याच्या विवेचनाचा गाभा होता. परकीय राजवटीत आपल्या परंपरेला पाश्चात्त्य पंडिताकडून मिळालेली ही मान्यता सुशिक्षितांना सुखावणारी होती, यात नवल नाही. टिळकांनी ‘गीतारहस्या’त डॉयसनचे ग्रंथ आधारास घेतले आहेत. म्हणजेच मराठीत आलेला कान्ट थेट त्याच्या मूळ गावाहून, क्योनिग्झबर्गहून, आला नाही. शोपेनहौएर व डॉयसन यांच्या मुक्कामांवर थांबून, वेदान्ताचा काही रंग आधीच अंगावर घेऊन आला.

कान्टचा भेद

कान्टच्या ‘शुद्ध बुद्धीची मीमांसा’ या ग्रंथाची पहिली आवृत्ती १७८१ मध्ये व दुसरी १७८७ मध्ये निघाली. त्यातील प्रतिपादनाचे सार असे की, अवकाश व काल हे बाह्य वस्तूंचे गुणधर्म नसून मानवी संवेदनशक्तीचे आकार आहेत. द्रव्य, कार्यकारणभाव इत्यादी पदार्थ हे बुद्धीचे आकार होत. या आकारांतून जे ज्ञात होते ते दृश्य. जर्मन भाषेत ‘एर्शायनुंग’. या आकारांना बाजूला ठेवल्यावर वस्तू स्वतः कशी असेल ते सांगता येत नाही. तिला तो ‘डिंग आन् झिख’ म्हणतो.

या मांडणीत दोन गोष्टी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. पहिली अशी की, दृश्य म्हणजे भ्रम नव्हे. १७८२ मध्ये ग्योटिंगेनच्या नियतकालिकात आलेल्या परीक्षणात कान्टचे मत बर्कलीच्या मताच्या पंक्तीला बसविण्यात आले, तेव्हा कान्ट संतप्त झाला. १७८३ च्या ‘प्रोलेगोमेना’ या ग्रंथात त्याने या गैरसमजाचा समाचार घेतला आणि दुसऱ्या आवृत्तीत चिद्वादाचे खंडन करणारा स्वतंत्र भाग घातला. दृश्य हे सर्व ज्ञात्यांना समान व नियमबद्ध असते. न्यूटनचे भौतिकशास्त्र हे त्याचेच शास्त्र होय. भ्रमासाठी कान्ट ‘शाइन’ हा वेगळा शब्द वापरतो. दुसरी गोष्ट अशी की, स्वरूपवस्तू ही ज्ञानाची मर्यादा दाखविणारी संकल्पना आहे. दृश्यामागे दडलेली, अधिक सूक्ष्म साधनांनी कधी तरी हाती लागणारी अशी ती दुसरी वस्तू नव्हे.

टिळकांचे वाचन

जुलै १९०८ मध्ये टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून सहा वर्षांची शिक्षा झाली व त्यांना ब्रह्मदेशातील मंडाले येथे ठेवण्यात आले. तेथे त्यांनी जर्मन व फ्रेंच या भाषांचा अभ्यास केला आणि १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्या’चा मसुदा पेन्सिलीने लिहून काढला. १९१४ मध्ये सुटका झाल्यावर १९१५ मध्ये ग्रंथ पुण्यात प्रसिद्ध झाला. त्याच्या पंधरा प्रकरणांपैकी सहावे, नववे, दहावे व बारावे ही प्रकरणे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत.

‘अध्यात्म’ या नवव्या प्रकरणात टिळकांनी कान्टच्या ‘डिंग आन् झिख’साठी ‘वस्तुतत्त्व’ हा शब्द योजला आणि ‘एर्शायनुंग’चा मेळ दृश्य नामरूपाशी घातला. त्यांचे सोन्याचे व अलंकारांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. अलंकार मोडून दुसरे घडविले तरी सोने कायम राहते. बदलते ते नाव व आकार. छांदोग्य उपनिषदातील मातीच्या दृष्टान्ताचाच हा सांधा आहे. या मार्गाने पायरीपायरीने वर जाता सर्व नामरूपांच्या बुडाशी एकच अविनाशी तत्त्व मानावे लागते आणि तेच ब्रह्म, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ते तत्त्व इंद्रियांना अगोचर असले तरी सर्वथा अज्ञेय नाही. आत्मस्वरूपाच्या अनुभवातून त्याची प्रतीती येते. येथे टिळक स्पेन्सर व कान्ट या दोघांनाही मागे टाकून पुढे जातात आणि टी. एच. ग्रीनसारख्या इंग्रज चिद्वाद्याशी जवळीक साधतात.

या वाचनात टिळकांनी एक मोठी दक्षता घेतली आहे, हे आवर्जून नमूद केले पाहिजे. वेदान्तातील ‘मिथ्या’ शब्दाचा अर्थ ‘डोळ्यांना न दिसणारे’ किंवा ‘मुळीच नसलेले’ असा नाही, असे ते स्पष्ट करतात. जे बदलते व नाश पावते ते मिथ्या आणि जे त्रिकाल एकसारखे राहते ते सत्य, ही त्यांची व्याख्या आहे. त्यामुळे दृश्य म्हणजे भ्रम, असा ढोबळ अर्थ टिळकांच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. तो अर्थ पुढील सुलभीकरणातून आला.

सोने आणि इंद्रधनुष्य

तथापि टिळकांची ही व्याख्याच कान्टपासून दूर नेणारी आहे. त्यांच्या भेदाचा निकष काल हा आहे. जे टिकते ते तत्त्व. जे टिकत नाही ते दृश्य. कान्टचा निकष मात्र ज्ञात्याशी असलेला संबंध हा आहे. वस्तू टिकाऊ असो वा क्षणिक असो, ती मानवी ज्ञानशक्तीच्या आकारांतून प्रकट होत असेल तर ती दृश्यच होय. इतकेच नव्हे तर, सर्व बदलांखाली काहीतरी कायम राहते हा नियम कान्टने दृश्य जगाचाच नियम म्हणून सिद्ध केला आहे. द्रव्याचे सातत्य ही अनुभवाची पूर्वअट आहे. अनुभवापलीकडील सत्तेचे ते लक्षण नाही.

या दृष्टीने पाहता अलंकारांच्या घडामोडीत कायम राहणारे सोने हे कान्टच्या अर्थाने वस्तुतत्त्व ठरत नाही. अलंकार जितके दृश्य तितकेच सोनेही दृश्य. कान्टने स्वतः इंद्रधनुष्याचे उदाहरण घेऊन हा मुद्दा मांडला आहे. उन्हातील पावसात दिसणारे इंद्रधनुष्य हे नुसते दृश्य आणि पाऊस ही खरी वस्तू, असे व्यवहारात म्हटले जाते आणि भौतिकशास्त्राच्या मर्यादेत ते योग्यही आहे. परंतु तत्त्वदृष्ट्या विचार करता पावसाचे थेंब, त्यांचा गोल आकार आणि ते ज्या अवकाशातून पडतात तो अवकाश, ही सारी दृश्येच होत. सोन्याच्या मार्गाने कितीही पायऱ्या चढल्या, अलंकारातून धातूत व धातूतून परमाणूत गेले, तरी कान्टच्या मते दृश्याचा उंबरठा ओलांडला जात नाही.

टिळकांना हे अंतर जाणवले नसेल असे मानण्याचे कारण नाही. त्यांचे प्रयोजन वेगळे होते. कान्टचा भाष्यकार होण्याची त्यांची प्रतिज्ञा नव्हती. गीतेचा सिद्धान्त जगातील श्रेष्ठ तत्त्वज्ञांच्या विचारांशी ताडून पाहता टिकतो, हे त्यांना दाखवायचे होते. मात्र ज्याला कान्ट मूळ स्वरूपात समजून घ्यावयाचा आहे, त्याने ‘गीतारहस्या’तील शब्द घेताना त्यांमागील निकष तपासून घेतला पाहिजे.

हेगेलचा आक्षेप

कान्टच्या भेदातील अडचण त्याच्या समकालीनांनीच ओळखली होती. स्वरूपवस्तू मानल्याखेरीज कान्टच्या दर्शनात प्रवेश होत नाही आणि ती मानून त्यात राहता येत नाही, अशा आशयाची याकोबीची १७८७ मधील टीका प्रसिद्ध आहे. कार्यकारणभाव हा दृश्यापुरता असेल तर स्वरूपवस्तू दृश्याचे कारण आहे असे कोणत्या आधारे म्हणावे, हा त्यातील पेच होय. फिख्टेने १७९४ पासून स्वरूपवस्तूच वगळून सर्व काही अहंतत्त्वाच्या क्रियेतून निष्पन्न करण्याचा प्रयत्न केला. हेगेलने तिसरा मार्ग घेतला.

हेगेलच्या ‘तर्कशास्त्रा’च्या दुसऱ्या पुस्तकाचा विषय ‘वेझन’, म्हणजे सत्त्व किंवा सारतत्त्व, हा आहे. १८१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाची रचनाच अर्थपूर्ण आहे. आरंभी सत्त्वाच्या स्वतःतील प्रतिबिंबनाचा व त्यातील आभासाचा विचार येतो, त्यानंतर दृश्याचा आणि शेवटी वास्तवतेचा. हेगेलचे म्हणणे असे की, ज्याचे कोणतेही लक्षण सांगता येत नाही अशी स्वरूपवस्तू ही गूढ नसून रिकामी आहे. सर्व गुणधर्म काढून टाकल्यावर जे उरते ते विचारानेच केलेले अमूर्तीकरण होय. सत्त्व हे दृश्याच्या पाठीमागे लपून बसत नाही. प्रकट होणे हाच त्याचा स्वभाव आहे. जे प्रकट होत नाही ते सत्त्वच नव्हे. बी हे वृक्षामागील रहस्य नाही; ते वृक्षरूपाने विस्तारते, हा दृष्टान्त येथे उपयोगी पडेल. १८०७ च्या ‘चैतन्याचे दृश्यशास्त्र’ या ग्रंथातही, दृश्याचा पडदा बाजूला सारून पलीकडे पाहू गेल्यास, तेथे जाऊन पाहणाऱ्या आपल्यावाचून दुसरे काहीच आढळत नाही, असा आशय हेगेलने मांडला आहे.

हेगेलची ही कसोटी भारतीय विचारालाही लावली गेली. विल्हेल्म फॉन हुम्बोल्टने बर्लिनच्या अकादमीत गीतेवर वाचलेल्या निबंधांचे हेगेलने १८२७ मध्ये दोन भागांत विस्तृत परीक्षण केले. हुम्बोल्टच्या मनात गीतेविषयी गाढ आदर होता. हेगेलचा सूर मात्र कठोर आहे. ब्रह्म हे त्याला निर्गुण, म्हणून आशयशून्य असे अमूर्त एकत्व वाटले. योग म्हणजे चित्त रिते करणे, आणि कर्म म्हणजे जन्माने ठरलेले वर्णाचे कर्तव्य. या दोहोंना जोडणारा आंतरिक दुवा त्याला दिसला नाही. एकीकडे आशयहीन तत्त्व आणि दुसरीकडे त्या तत्त्वाने न उजळलेला, रूढीने बांधलेला व्यवहार, असे हे चित्र आहे. हेगेलची साधने मर्यादित होती. त्याला संस्कृत येत नव्हते आणि श्लेगेलचे १८२३ चे लॅटिन भाषांतर व अन्य अभ्यासकांचे लेखन यांवर त्याची भिस्त होती. त्याचा पूर्वग्रहही उघड आहे. तरीही त्याने विचारलेला प्रश्न टाळण्याजोगा नाही : तत्त्व एक असेल, तर ते व्यवहारात प्रकट होते काय?

कर्मयोग : तत्त्वाचे प्रकटीकरण

‘गीतारहस्या’त कान्ट व ग्रीन यांच्या तुलनेने हेगेलला फारच थोडी जागा मिळाली आहे. हा ग्रंथ हेगेलच्या परीक्षणाला उत्तर म्हणून लिहिलेला नाही; त्याचा रोख गीतेचे तात्पर्य कर्मसंन्यासात पाहणाऱ्या भाष्यकारांवर आहे. परंतु त्या भाष्यकारांशी वाद करताना टिळकांना ज्या भूमिकेवर यावे लागले, ती हेगेलच्या प्रश्नाचेही उत्तर ठरते.

नामरूपात्मक जग हे नाशवंत आहे, एवढेच म्हणून थांबले तर ज्ञानोत्तर कर्म करण्याचे प्रयोजन उरत नाही. तत्त्वज्ञान झाल्यावर दृश्याकडे पाठ फिरविणे हेच सुसंगत ठरेल. टिळकांना हे मान्य नाही. ज्ञानी पुरुषाने लोकसंग्रहार्थ आमरण कर्म केले पाहिजे, हा त्यांचा सिद्धान्त आहे. याचा अर्थ असा की, तत्त्व जाणल्यानंतर दृश्याचे मूल्य संपत नाही. उलट, जाणलेल्या तत्त्वाला कृतिरूप देण्याचे क्षेत्र म्हणून त्याचे महत्त्व वाढते. सत्तामीमांसेत टिळक शंकराचार्यांचे अद्वैत स्वीकारतात. परंतु नीतिमीमांसेत तत्त्व व दृश्य यांचे नाते अधिक घट्ट करतात. येथे ते नकळत हेगेलच्या जवळ येतात.

दहाव्या प्रकरणातील कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य यांचे विवेचनही याच दिशेने जाते. नामरूपाच्या क्षेत्रात कर्माचा नियम अटळ आहे, तथापि आत्मा मूलतः स्वतंत्र आहे, ही मांडणी कान्टच्या स्वातंत्र्यविचाराशी जुळणारी आहे. कान्टच्या मतेही मनुष्य दृश्य म्हणून कार्यकारणाने बद्ध व नैतिक कर्ता म्हणून स्वतंत्र असतो. १७८८ च्या ‘व्यावहारिक बुद्धीची मीमांसा’ या ग्रंथात त्याने नैतिक नियमाच्या जाणिवेतून स्वातंत्र्याचा निर्वाळा दिला. ज्ञानाच्या वाटेने जे सापडत नाही त्याची ओळख कर्तव्याच्या वाटेने पटते, हा कान्टचा खरा वारसा होय. ‘गीतारहस्या’शी त्याचे साम्य वस्तुतत्त्वाच्या व्याख्येपेक्षा येथे अधिक खोल आहे.

वेदोक्त : कसोटी

तत्त्व व्यवहारात प्रकट झाले पाहिजे, असे एकदा मान्य केले की पुढील प्रश्न अटळ होतो. सर्वांभूती एकच आत्मा असेल, तर समाजव्यवस्थेत त्याचे रूप कोणते? हा प्रश्न ‘गीतारहस्या’पूर्वीच कोल्हापुरात रोकडा उभा राहिला होता. १८९९ च्या सुमारास पंचगंगेवरील स्नानप्रसंगी राजर्षी शाहू छत्रपतींसाठी वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले जात असल्याचे निदर्शनास आले आणि वादाला तोंड फुटले. राजोपाध्यांनी वेदोक्त विधी करण्यास नकार दिला. १९०२ मध्ये त्यांची इनामे जप्त झाली आणि वरिष्ठ ब्रिटिश अधिकाऱ्यांकडे दाद मागण्याचे त्यांचे प्रयत्न सफल झाले नाहीत. टिळकांनी १९०१ मध्ये ‘केसरी’तून या प्रकरणी लिहिताना रूढ परंपरेचा पक्ष घेतला.

या वादाकडे सामान्यतः जातिसंघर्षाचा वा राजकारणाचा प्रसंग म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु त्याला तत्त्वज्ञानाची एक बाजू आहे. गीतेतील समदर्शनाचे स्पष्टीकरण करताना परंपरेने ‘समदर्शन’ व ‘समवर्तन’ असा भेद केला. ज्ञानी सर्वत्र एकच तत्त्व पाहतो. मात्र वागणूक ज्याच्या त्याच्या अधिकारानुसार ठेवतो. तत्त्वाच्या पातळीवर समता आणि दृश्याच्या पातळीवर विषमता, ही या भेदामुळे तर्कदृष्ट्या निर्दोष वाटू लागते. दृश्य हे तत्त्वाच्या मानाने गौण असल्याने त्यातील विषमतेने तत्त्वाला बाधा येत नाही, असे समाधान त्यामागे असते. हेगेलने १८२७ मध्ये बोट ठेवले ते नेमके या फटीवर.

शाहू महाराजांची भूमिका याच्या उलट होती. त्यांनी ती तत्त्वज्ञानाच्या परिभाषेत मांडली नाही, कृतीने मांडली. विधीत, शिक्षणात आणि नोकरीत जी समता दिसत नाही ती असून नसल्यासारखी, असा त्यांच्या कृतींचा अर्थ लावता येतो. २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने संस्थानच्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्यात आल्या. मंत्र वेदोक्त की पुराणोक्त हा वरकरणी केवळ बाह्य रूपाचा प्रश्न होता. परंतु रूप जर गौण असेल, तर ते नाकारण्याचा एवढा आग्रह कशासाठी, हा प्रश्न वेदोक्ताच्या विरोधकांना अडचणीचा होता. रूप नाकारले गेले याचाच अर्थ रूपात काहीतरी सत्त्व होते.

टिळकांच्या बाबतीत न्यायबुद्धीने एक गोष्ट सांगितली पाहिजे. वेदोक्त प्रकरणानंतर सुमारे चौदा वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त, गीतेचा नीतिधर्म चातुर्वर्ण्यावर अवलंबून नाही, जेथे ती व्यवस्था नसेल तेथेही समाजाच्या धारणपोषणासाठी वाट्याला आलेले कर्म निष्काम बुद्धीने करणे हे तत्त्व लागू पडते, असे त्यांनी म्हटले आहे. बाराव्या प्रकरणात आत्मौपम्यदृष्टीला त्यांनी नीतीच्या पायाचे स्थान दिले. यांतून अधिक व्यापक सामाजिक निष्कर्ष निघू शकत होते. टिळकांनी ते स्वतः काढले नाहीत. ‘गीतारहस्य’ तत्त्वाला कर्मापर्यंत आणते, पण त्या कर्माची वाटणी करणाऱ्या समाजरचनेच्या दारात थांबते. कोल्हापूरच्या घडामोडी त्या दाराच्या आतल्या आहेत.

परिभाषेचा प्रश्न

या विवेचनातून अध्यापनाच्या दृष्टीने काही गोष्टी निष्पन्न होतात. ‘एर्शायनुंग’ व ‘शाइन’ या दोन्ही शब्दांसाठी मराठीत ‘आभास’ हा एकच शब्द वापरल्यास कान्ट व हेगेल दोघेही दुर्बोध होतात. भेद दाखविणारी सामग्री आपल्या परंपरेत आहे. अद्वैत वेदान्ताने प्रातिभासिक, व्यावहारिक व पारमार्थिक अशा सत्तेच्या तीन कोटी मानल्या. दोरीवर भासणारा साप प्रातिभासिक आणि दोरी व्यावहारिक. कान्टचे दृश्य हे यांपैकी व्यावहारिकाच्या जवळ जाणारे आहे, प्रातिभासिकाच्या नव्हे. तरीही हे साम्य पूर्ण मानता येणार नाही. ब्रह्मज्ञानाने व्यावहारिक सत्तेचा बाध होतो असे वेदान्त मानतो. कान्टच्या दर्शनात मानवी ज्ञानाला दृश्याचा बाध कधीच होत नाही. म्हणून कान्टसाठी ‘दृश्य’ आणि भ्रमासाठी ‘आभास’ अशी वाटणी कटाक्षाने पाळणे इष्ट होय.

हेगेलच्या बाबतीत मराठीला एक अनुकूलता आहे. जर्मन भाषेतील ‘शाइनेन’ या धातूचे ‘प्रकाशणे’ व ‘भासणे’ असे दोन्ही अर्थ आहेत आणि हेगेलचे बरेचसे विवेचन या द्व्यर्थावर उभे आहे. संस्कृत ‘भास्’ धातूतही हीच जोडी आहे. ‘भास्कर’ या शब्दात त्याचा प्रकाश दिसतो, तर मराठीच्या ‘भास’ या शब्दात तो फसवणुकीपुरता उरला आहे. तत्त्व दृश्यात भासते म्हणजे प्रकाशते, हा जुना अर्थ जागा केल्यास हेगेलचा सिद्धान्त मराठीत परका वाटणार नाही.

निष्कर्ष

टिळकांनी कान्टचा भेद मराठीत आणताना त्याचा निकष बदलला. ज्ञात्याशी असलेल्या संबंधाच्या जागी टिकाऊपणा आला आणि मर्यादादर्शक संकल्पनेच्या जागी अनुभवगम्य ब्रह्म आले. हा बदल अज्ञानातून झाला नाही. गीतेच्या प्रतिपादनाची ती गरज होती. परंतु कर्मयोगाच्या आग्रहामुळे त्यांना दृश्याला पुन्हा मूल्य द्यावे लागले आणि तेथे त्यांचे कान्टशी व हेगेलशी असलेले नाते शब्दसाम्यापेक्षा अधिक खरे ठरते. कोल्हापूरच्या वेदोक्त वादाने या सिद्धान्ताला पुढचा प्रश्न विचारला : जे तत्त्व माणसामाणसांच्या व्यवहारात दिसत नाही, त्याला तत्त्व का म्हणावे? बर्लिनमध्ये तर्काच्या भाषेत विचारला गेलेला हा प्रश्न पंचगंगेच्या घाटावर मंत्रांच्या निमित्ताने पुढे आला. मराठीतून जर्मन चिद्वाद शिकविताना या दोन्ही ठिकाणांना सारखेच महत्त्व दिले, तर तो विषय परीक्षेपुरता परकीय राहणार नाही.